राखणीला कोण? एकांतात राहणाऱ्या सर्पजनांची संस्कृती उभारताना

फँटसी लिहायला घेतली की कधी ना कधी सर्पजन येतातच. पडक्या नगरीचं तळघर, वर माणसाचं धड, खाली शेपूट, हातात भाला आणि तोंडी चार फुत्कार. नायक येतो, लढतो, खजिना उचलतो, निघून जातो. दोन प्रकरणांनंतर वाचकाला ते आठवतही नाहीत, कारण तो समाज नव्हताच. खवले चिकटवलेले पहारेकरी होते.

कथेसाठी, कादंबरीसाठी किंवा मित्रमंडळींत खेळायच्या रोल-प्लेइंग गेमसाठी ज्यांना पहिल्यांदाच असा समाज रचायचा आहे, त्यांच्यासाठी हा लेख. पायरी पायरीने जाऊ. सर्पजनांच्या घरात पायऱ्या नसतात, ते पुढे येईलच. पण आपण दोन पायांचे, आपल्याला सोय लागते.

सुरुवातीला एवढंच डोक्यात ठेवा: ‘एकांतप्रिय’ हा त्यांचा स्वभाव म्हणून लिहू नका. ते गूढ आहेत, अबोल आहेत, माणूसघाणे आहेत, एवढं लिहून झालं की पुढे लिहायला काही उरत नाही. सापाच्या शरीरावर अशा काही वेळा येतात की तेव्हा कुणीही यावं आणि टिपून जावं. त्या वेळी राखणीला कोण बसतं, या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलात की नाती, कायदा, शिव्या, पाहुणचार सगळं आपोआप हाती लागतं.

पायरी १: आधी शरीर

हात आहेत की नाहीत, हे पहिल्या दिवशी ठरवा आणि मग बदलू नका. हात असतील तर अवजारं, लेखन, विणकाम सगळं सोपं होतं, पण सर्पपणही तितकंच पातळ होतं. हात नसतील तर प्रत्येक वस्तूचा नव्याने विचार करावा लागतो. पाणी कशातून नेतात? दार कसं उघडतात? नवख्यांना माझा सल्ला हात देण्याचा आहे, पण दुबळे, आखूड, धरण्यापुरते. जोर अंगाच्या विळख्यात राहू द्या.

आकार ठरवताना उष्णतेचा विचार करा. साप स्वतःच्या शरीरात पुरेशी उष्णता तयार करत नाही, ती बाहेरून घेतो. त्यामुळे अंग जितकं मोठं, तितकी भोवतालची हवा उबदार लागते. कोलंबियात सापडलेल्या टायटनोबोआ या सुमारे ५८ ते ६० दशलक्ष वर्षांपूर्वीच्या सापाची लांबी साधारण १३ मीटर आणि वजन एका टनाहून जास्त असावं, असा अंदाज आहे. एवढ्या आकाराच्या थंड रक्ताच्या प्राण्याला जगायला वर्षाचं सरासरी तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर लागलं असेल, असं गणित शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये मांडलं. तेव्हा बर्फाळ डोंगरात वीस हात लांब सर्पराणी बसवायची असेल, तर तिच्या दालनाखाली गरम पाण्याचा झरा हवा. आणि झरा आला की त्याच्यावर हक्क कुणाचा, हा प्रश्नही आला.

आता इंद्रियं. इथे घाई करू नका, कारण संस्कृतीचं अर्धं भांडवल इथेच आहे.

सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवल्याची काच असते, ती कधी मिटत नाही. म्हणजे झोपलेला आणि जागा सर्पजन दिसायला सारखाच. दाराशी बसलेला राखण्या गाढ झोपेत असला, तरी बाहेरून आलेल्याला ते कळायचं नाही.

बाहेरचा कान नसतो, पण आतला असतो आणि तो जबड्याच्या हाडांशी जोडलेला असतो. जमिनीची कंपनं त्यांना छान कळतात. हवेतून येणारा खर्जातला आवाजही ऐकू येतो. साधारण ८० ते ६०० हर्ट्झपर्यंतचा. वरच्या पट्टीतलं त्यांच्या लेखी जवळजवळ नाहीच. घोड्यांची टाप लांबून कळेल, जाडजूड सैनिकाचं बोलणं कळेल, पण अनवाणी पोराची हलकी पावलं निसटतील आणि शीळ तर ऐकूच येणार नाही. तुमच्या कथेतली दोन माणसं सर्पजनांच्या ऐन दरबारात एकमेकांना शीळ घालून खुणा करू शकतात. ही युक्ती फुकट घ्या.

दुभंगलेली जीभ वास ‘ऐकते’ म्हटलं तरी चालेल. दोन टोकं दोन बाजूंचे वासाचे कण उचलतात आणि टाळूतल्या जेकबसनच्या इंद्रियाकडे पोचवतात. त्यामुळे वास कुठल्या बाजूने जास्त येतोय हे समजतं आणि माग काढता येतो. शिवाय काही जातींच्या तोंडावर खाचा असतात, त्यांना उष्णता जाणवते. अंशाच्या शंभराव्या भागाहून कमी फरकसुद्धा. अंधाऱ्या भुयारात शिरलेला माणूस त्यांना चालता कंदील दिसतो. भिंतीला टेकवलेला हात उचलला, तरी पंजाचा ठसा क्षणभर भिंतीवर तेवत राहतो. त्यांचे स्वतःचे लोक मात्र भुयाराइतकेच गार, म्हणून अंधारात विरून गेलेले. माणसांना वाटतं, हे लोक लपून बसतात. त्यांना वाटतं, ही माणसं पेटूनच का फिरतात?

पायरी २: तीन असहाय वेळा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून ती सावकाश चढा.

पहिली वेळ गारठ्याची. अंग थंड असलं की स्नायू मंदावतात, मज्जातंतू मंदावतात, पळणंही आणि चावणंही. आपल्या सर्पजनांना विचारशक्ती दिलीय, म्हणजे विचारही मंदावणार. यातून एक कायदा सरळ निघतो: गार अंगाने दिलेला शब्द बांधील नसतो. पहाटेची शपथ धरत नाहीत. करार करायचा तर आधी दोन्ही पक्षांनी उन्हात पडायचं, साक्षीदाराने अंग चाचपून ‘उष्ण आहे’ म्हणायचं, मगच बोलणी. माणसांच्या दूताने भल्या सकाळी येऊन घाईघाईत सही घेतली, तर त्याने सर्पजनांच्या दृष्टीने झोपेतल्या माणसाचा अंगठा उठवून घेतला. एका लढाईला एवढं कारण पुरे.

दुसरी वेळ पोट भरल्याची. इथे बहुतेक नवखे लेखक घसरतात. सर्पजनांना दिवसातून दोनदा जेवायला बसवतात. थंड रक्ताच्या प्राण्याला तेवढ्याच वजनाच्या उष्ण रक्ताच्या प्राण्याच्या साधारण दहावा हिस्सा ऊर्जा पुरते. मोठे अजगर एका जेवणावर महिनोन्‌महिने काढतात. पण जेवण झालं की शरीरात उलथापालथ होते. बर्मी अजगराचं हृदय मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, आतडं जाडावतं, आणि या सगळ्यासाठी ऊब लागते. गारठा पडला तर गिळलेलं उलटून टाकावं लागतं. म्हणजे जेवलेला सर्पजन कित्येक दिवस जड, सुस्त आणि उबेला बांधलेला.

मग सगळ्यांनी एकत्र जेवणं म्हणजे सगळ्यांनी एकत्र आंधळं होण्यासारखं. त्यांच्याकडे सण असतील, पण सगळ्यांची मेजवानी एकाच दिवशी कधीच नाही. आळीपाळीने. अर्धी वस्ती जेवते, अर्धी राखते. तुमच्या देखत कुणी जेवलं, तर त्याने पुढचा आठवडा तुमच्या हाती दिला. यापरता मोठा मान त्यांच्याकडे नाही. उलट, पाहुण्यापुढे ताट ठेवून ‘जेवा, जेवा’ म्हणणं संशयास्पद. मला लोळवून ठेवायचा बेत आहे की काय?

तिसरी वेळ कात टाकण्याची. त्याआधी काही दिवस डोळ्यांवरची काच दुधाळ होते आणि दिसेनासं होतं. साप चिडचिडा होतो, आडोसा धरून राहतो. मग ओठांपासून कात सुटते आणि बहुधा मोजा उलटा काढावा तशी अखंड निघते, डोळ्यांच्या काचांसकट. आपल्या भाषेत कात टाकणं म्हणजे नव्या उमेदीने उभं राहणं. त्यांच्या भाषेत तो शब्द आधी भीतीचा असणार, कारण उमेद नंतर येते, आंधळेपणा आधी.

या तीन वेळांना जो तुमच्या दाराशी बसतो, तो तुमचा राखण्या. मी माझ्या टेबलावर खेळ रचताना नवऱ्या-बायकोचं नातं, भावंडांचं नातं, सगळं बाजूला ठेवलं आणि राखणीचं नातं सगळ्यांत वर ठेवलं. खेळाडूंना पहिल्या दोन बैठका ते कळलंच नाही. त्यांना वाटलं, दाराशी बसलेले हे नोकर आहेत. त्यातल्या एकाने राखण्याला दोन नाणी फेकली. पुढचं सगळं आम्हाला त्या दोन नाण्यांभोवतीच खेळावं लागलं.

पायरी ३: लपण्याचं कारण, आणि ते परवडतं कसं

कारण एकच ठेवा. शिकार झाली म्हणून, उबेच्या जागा मोजक्या आहेत म्हणून, किंवा बाहेरची थंडी वर्षातून कित्येक महिने हलू देत नाही म्हणून. तीन कारणं दिलीत तर वाचक एकावरही विश्वास ठेवणार नाही.

त्याहून जास्त वेळ द्या तो या प्रश्नाला: लपून राहणं परवडतं कसं? माणसांची नगरी लपवता येत नाही, कारण रोज धान्य आत जातं आणि रोज धूर बाहेर येतो. सर्पजनांना दहावा हिस्सा अन्न पुरतं. तेवढ्याच रानात दसपट लोक राहू शकतात, किंवा तेवढेच लोक एका खोऱ्यात कुणाच्या नजरेला न येता पिढ्या काढू शकतात. शेत नाही, बाजाराचा रस्ता नाही, चूल नाही. त्यांना लागते ती ऊब. ऊन खाणारे कातळ, गरम झरे, कुजणाऱ्या पाल्याचे ढीग. गवती साप अंडी घालायला खताचे ढीग शोधतात, ते याच उबेसाठी.

म्हणून संपत्ती म्हणजे सोनं नव्हे, ऊन. कुठला कातळ सकाळी आधी तापतो, त्यावर पहिल्या प्रहरी कुणी पडायचं, दुपारनंतर कुणी, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असेल. गरीब तो, ज्याच्या वाट्याला संध्याकाळचा कातळ आला. सकाळी तो उशिरा जागा होतो, म्हणून पंचायतीत उशिरा पोचतो, म्हणून निर्णय त्याच्यावाचून होतात. अन्याय कसा चालतो हे दाखवायला जुलमी राजा लागत नाही, कातळाची दिशा पुरते.

खजिन्याच्या ढिगावर वेटोळं घालून बसलेला सर्प कृपया नको. सोनं गार लागतं.

पायरी ४: घर

‘आयत्या बिळावर नागोबा’ ही म्हण आपण टोमणा म्हणून वापरतो, पण निरीक्षण अचूक आहे. बहुतेक साप स्वतः बीळ खणत नाहीत, दुसऱ्याने खणलेलं वापरतात. तुमचे सर्पजनही पडक्या नगरीत राहत असतील तर ती त्यांनी बांधलेली नसू द्या. उंदरांनी, बुटक्यांनी, विसरलेल्या माणसांनी, कुणीतरी बांधली आणि सोडली. मग मूळ मालकाचे वंशज परत आले तर? ‘आयतखाऊ’ हा शब्द त्यांच्याकडे शिवी असेल की बिरुद, हे तुम्ही ठरवा. मी बिरुद मानतो: बांधणारा कुणीही बांधतो, टिकवणारा खरा.

जुन्या वास्तूत त्यांनी काय बदललं, ते दाखवा. पायऱ्या भरून उतार केले. गुळगुळीत फरशी खरवडून काढली, कारण सरपटायला घर्षण लागतं, घोटीव संगमरवरावर साप जागच्या जागी वळवळत राहतो. (राजवाड्याचं दालन आरशासारखं चकचकीत करून ठेवणारा माणसांचा राजा सर्पदूताला नकळत दारातच लोळवतो.) छताला तुळया, खांब, दोर, वरची वाट खालच्या वाटेइतकीच वापरातली. खोल्या गोल आणि लहान, अंगाला भिंत टेकली की बरं वाटेल अशा. एवढं पुरे, घराचा नकाशा काढत बसू नका.

पायरी ५: बोली

संवादात ‘तुम्ही कोण आहात’चं ‘तुम्ही कोण आहातस्स्स’ करणं आजपासून बंद. पहिल्या ओळीला मजा वाटते, तिसऱ्या ओळीला वाचक पान उलटतो.

त्यापेक्षा असं बघा. सापाला हलणारे मांसल ओठ नाहीत. म्हणजे प, फ, ब, भ, म ही आख्खी ओळ गेली. आता मराठीत बोलणाऱ्या सर्पजनाचा विचार करा. त्याला ‘मी’ म्हणता येत नाही. ‘माझं’ नाही, ‘आम्ही’ नाही, ‘आपण’ही नाही. एवढा एक नियम पाळलात की त्यांचं बोलणं वेगळं ऐकू येऊ लागतं आणि कुठेही फुत्कार घालावा लागत नाही. ‘मी आलो’ऐवजी ‘हे अंग आलं’. ‘माझी गुहा’ऐवजी ‘इथली गुहा’. ‘मला भीती वाटते’ कसं म्हणतील? ‘अंग गार आहे’ म्हणतील. नावं ठेवतानाही तीच चाळणी लावा: तक्षिला, रेणका, शरठ, ऐझल चालतील, पद्मिनी आणि भैरव नाहीत. व, उ, ओ यांनाही ओठ लागतात, पण तिथे सूट घ्या, नाहीतर दोन वाक्यांत दमाल.

दुसरा सराव: आपले वाक्प्रचार घ्या आणि जे त्यांच्या शरीरात बसत नाहीत ते खोडा. डोळेझाक करणं, डोळा लागणं, कानावर हात ठेवणं, कान भरणं, हातपाय पसरणं, पायरी ओळखून वागणं, सगळे बाद. डोळे मिटलेच नाहीत तर मेला हे कसं सांगतात? कदाचित ‘त्याची जिव्हा आत राहिली’ असं. दुर्लक्ष केलं हे कसं सांगतात? ‘त्याने जिव्हा काढली नाही’. म्हणजे आपल्याकडे जीभ दाखवणं अपमान आणि त्यांच्याकडे न दाखवणं. नायकाच्या तोंडासमोर लपलपणारी जीभ म्हणजे रामराम; तो मात्र तलवार उपसून उभा. असे पंधरा-वीस वाक्प्रचार एका कागदावर लिहून काढा. पुढे कुठे अडलात तर तो कागद बघा.

लेखन हवंच असेल तर वासाचं ठेवा, किंवा बोटाऐवजी हनुवटीने वाचायच्या खाचांचं. डोळ्यांनी वाचायचं लेखन बाहेरच्यांसाठी, हिशेबापुरतं.

पायरी ६: पिलं, नाती, वय

साप पिलांकडे ढुंकून पाहत नाहीत, असा समज आहे. बऱ्याच जातींत ते खरंही आहे, पण अपवाद असे आहेत की त्यांच्यावर समाज उभा राहावा. नागराजाची (किंग कोब्राची) मादी पाला गोळा करून घरटं रचते आणि अंड्यांवर पहारा देते. बर्मी अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब पुरवते; त्या काळात सहसा खात नाही. उत्तर अमेरिकेतल्या खुळखुळ्या सापांची (रॅटलस्नेकची) मादी नवजात पिलांजवळ थांबते, ती त्यांची पहिली कात पडेपर्यंत. आणि टिंबर रॅटलस्नेकची पिलं थंडीच्या तोंडावर मोठ्यांच्या वासाचा माग काढत सामाईक बिळापर्यंत पोचतात, दरवर्षी त्याच बिळात.

यातलं ‘पहिली कात पडेपर्यंत’ हे माझ्या मते सोन्यासारखं आहे. आईची राखण पहिल्या कातेपर्यंत, त्यानंतर पोराने आपला राखण्या शोधायचा. बारसं तेव्हा, नाव तेव्हा. ज्याला राखण्या मिळाला नाही त्याचं काय होतं? तुमची पहिली कथा तिथेच आहे.

वय वर्षांत मोजू नका, कातेत मोजा. पण गंमत अशी की कात वाढीबरोबर पडते आणि वाढ खाण्याबरोबर होते. पोटभर खाणारं पोर लवकर लवकर कात टाकतं. म्हणजे श्रीमंताचं पोर कागदोपत्री आधी वयात येतं, पंचायतीत आधी बसतं. त्याच दिवशी अंड्यातून निघालेलं गरिबाचं पोर अजून ‘लहान’च.

वारसा आईकडून ठेवा. काही जातींच्या माद्या वीर्य वर्षानुवर्षं साठवून नंतर पिलं देऊ शकतात, काहींना तर नराशिवायही पिलं झाल्याच्या नोंदी आहेत. बाप कोण, या प्रश्नावर राज्यं चालवणं त्यांना अशक्य आहे आणि हास्यास्पदही वाटेल. वंशावळींच्या लढाया लढणाऱ्या माणसांकडे ते कुतूहलाने बघतील.

एक नेहमीची चूक: अंड्याच्या तापमानावरून नर-मादी ठरतं, असं सर्पजनांच्या बाबतीत लिहिलं जातं. ते मगरींत आणि अनेक कासवांत होतं, सापांत नाही. तुमच्या जगात जादू आहे, तुम्ही करू शकता, पण माहीत असून करा.

पायरी ७: भांडण आणि विष

दोन नर साप अंगाला अंग पिळून उभे राहतात, त्याला लोक मीलन समजतात. बहुतेकदा ती कुस्ती असते. एकमेकांचं डोकं खाली दाबायचं, दात लावायचे नाहीत, हरला तो निघून जातो. द्वंद्वाचा नियम तुम्हाला आयताच मिळाला. विषारी जमातीत आपसातल्या भांडणात दात लावणं म्हणजे जमातीतून बाहेर.

विष तयार व्हायला खर्च येतो आणि एकदा रितं झालं की भरायला दिवस, कधी आठवडे लागतात. म्हणून खरे सापही पुष्कळदा कोरडा चावा घेतात. प्रत्येक पहारेकऱ्याला विष ओकायला लावू नका. ‘त्याने या अंगावर विष खर्चलं’ हे शत्रूबद्दल आदराने बोलायचं वाक्य असू शकतं.

साप डूख धरतो, असं आपण म्हणतो. खरा साप धरत नाही, पण तुमच्या सर्पजनांना वासाची दांडगी आठवण द्या आणि डूख उलटा करा: त्यांच्या लक्षात राहतो तो मार नव्हे, उठून जाणं. ऐन कातेच्या वेळी राखणीवरून उठून गेलेल्याला ते मारत नाहीत. त्याच्या राखणीला यापुढे कुणीही बसत नाही, एवढंच. पुढच्या थंडीपर्यंत निकाल लागतो. सगळ्यात जहरी शिवीही याच घटनेतून येते: ‘उठलेला’.

धर्माचं मी मुद्दाम फार लिहीत नाही. पुनर्जन्म, अमरत्व, शेपूट गिळणारा सर्प ही चिन्हं इतकी वापरून झालीत की पहिल्या खर्ड्यात ती टाळलेलीच बरी. देव हवाच असेल तर सगळ्यांच्या दाराशी बसलेला, कधी झोपतो ते कुणालाच न कळणारा असा एखादा राखण्या पुरे.

पायरी ८: बाहेरच्यांशी व्यवहार

पूर्ण बंद समाज टिकत नाही, कथेतही नाही. एक छोटं दार ठेवा आणि ते कुठे आहे हे ठरवा. जपानने युरोपीय व्यापाऱ्यांपैकी फक्त डचांना ठेवलं आणि त्यांनाही १६४१ पासून नागासाकीच्या बंदरातल्या देजिमा नावाच्या कृत्रिम बेटावर, किनाऱ्याशी एकाच पुलाने जोडलेल्या. दोनशेहून जास्त वर्षं ते तसंच चाललं. त्या पुलावर काय काय घडलं असेल, याचा विचार केलात तर सर्पजनांची सीमा लिहिता येईल.

त्याहून जुनी रीत मुक्या व्यापाराची. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात लिहिलंय की कार्थेजचे व्यापारी आफ्रिकेच्या एका किनाऱ्यावर माल मांडून जहाजावर परतायचे आणि धूर करायचे. तिथले लोक येऊन मालाशेजारी सोनं ठेवून लांब जायचे. सोनं कमी वाटलं तर व्यापारी पुन्हा जहाजावर जाऊन बसायचे. दोन्ही बाजू एकमेकांना न भेटता सौदा पुरा. सर्पजनांना ही रीत अंगासारखी बसते. फक्त धुराऐवजी जमिनीवर खांब आपटायचा, आणि सोन्याऐवजी ते काय ठेवतील याचा विचार करा. औषधी विष? कंद? काहीही, पण कात नव्हे.

कात ते बाहेर जाऊ देणार नाहीत. तिच्यावर अंगाचा वास आहे, खवल्यांचा ठसा आहे, म्हणजे ओळखपत्रच. प्रत्येक वस्तीत काता जपायची एक कोठी ठेवा, जन्ममृत्यूची नोंद तीच. कधीतरी एखादी कात मात्र निसटून ओढ्याने वाहत माणसांच्या गावात येते. सुटताना कात ताणली जाते आणि मूळ अंगापेक्षा लांब भरते, त्यामुळे गावकरी ती मोजतात आणि रानात प्रचंड सर्प आहेत अशी आवई उठते. सर्पजन ती खोडून काढत नाहीत.

पायरी ९: तपासणीचा प्रसंग

आता टिपणं मिटा आणि एकच प्रसंग लिहा, दोन पानांचा. गारठ्याची पहाट. तुमचं माणूस-पात्र पहिल्यांदाच वस्तीच्या तोंडाशी आलंय. आत कुणीतरी कात टाकतंय, दाराशी राखण्या आहे. माणसाला तातडीचं काम आहे. राखण्याला ‘मी’ म्हणता येत नाही, पहाटेचा शब्द देता येत नाही आणि दारावरून उठता येत नाही. यातलं काहीही तुम्ही वाचकाला समजावून सांगायचं नाही.

लिहून झालं की ज्याने हा लेख वाचलेला नाही अशा कुणाला तरी ते वाचायला द्या आणि दोनच प्रश्न विचारा: राखण्या का उठला नाही? आणि तो जागा होता का? पहिल्याचं उत्तर त्याला आलं पाहिजे. दुसऱ्याचं आलं नाही तर प्रसंग जमला.